फोन उचला, मग हवं तर ‘नाही’ म्हणा

“ताई, तुमचं सदर आमच्या घरी बायको वाचते. तिच्या नकळत लिहितोय. मी तासगाव तालुक्यातला, वय ३४, तीन एकर द्राक्षबाग. रक्तगट ओ निगेटिव्ह. अठरा पूर्ण झाली त्या वर्षी पहिल्यांदा रक्त दिलं, आजवर ३१ वेळा झालं. पंचक्रोशीत कुणाला निगेटिव्ह रक्त लागलं की पहिला फोन मला येतो. सांगलीला सिव्हिलला, मिरजेला रात्री-अपरात्री गेलोय.

तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीतल्या शिबिरात एका संस्थेची पोरं आली होती. रक्त देऊन झाल्यावर त्यांनी फॉर्म भरून घेतला, गालात कापसाची काडी फिरवली. सगळेच देत होते, मीही दिलं आणि विसरून गेलो. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. तुमच्या पेशी एका पेशंटशी जुळतायत, पुढच्या तपासणीला तयार आहात का? मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. आईनं ऐकल्याबरोबर रडायलाच सुरुवात केली. आमच्या भावकीतल्या एकाला पाठीत सुई दिली होती, त्यानंतर तो नीट चाललाच नाही असं ती सांगते. ‘मणक्यातनं पाणी काढतील, लुळा पडशील, मग बाग कोण बघंल?’ बायको म्हणते तुमचं तुम्ही ठरवा, पण तेव्हापासून धड बोलत नाही. पोरं लहान आहेत, छाटणी तोंडावर आलीय. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. नंतर त्यांचे चार फोन आले, मी उचलले नाहीत. परवा नंबर ब्लॉक केला. तेव्हापासून झोप नाही. पेशंट गावातला असता तर पळत गेलो असतो. ३१ वेळा रक्त दिलेला माणूस भित्रा असतो का?”

भाऊ, आधी तो नंबर अनब्लॉक करा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

भित्रेपणाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, पण पत्रभर तोच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी सत्तावीस वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काढली. तुमच्यासारखे कितीतरी दाते मला आवाजावरून ओळखू यायचे. हातातला घास ठेवून येणारे, स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी येऊन गेलेले. यातल्याच काहींना पुढे मूळपेशींचं, म्हणजे ज्यांच्यापासून रक्त बनतं त्या स्टेम सेलचं विचारलं की चेहरा बदलायचा. मला सुरुवातीला नवल वाटायचं, नंतर वाटेनासं झालं. रक्तदान तुमच्या अंगवळणी पडलंय. सुई कुठं टोचणार, किती वेळ जाणार, चहा-बिस्किट कोण आणून देणार, सगळं पाठ. शेजारच्या खाटेवर मित्र, मांडवाबाहेर ढोल. दहा मिनिटांत पिशवी भरली, उठलात, मोकळे झालात. हे दुसरं काम तुम्हाला एकट्याला गाठून आलं, तेही तीन वर्षांनी, घरात बसला असताना, अनोळखी आवाजात. ३१ वेळांचा सराव इथं फारसा उपयोगाचा नाही. तुम्ही या बाबतीत पहिलटकर आहात आणि पहिल्या वेळी सगळेच घाबरतात. तुम्ही अठराव्या वर्षी घाबरला होतात की नाही, आठवून बघा.

आणि शिबिरात तुम्ही दिलेला तो होकार बराचसा गर्दीचा होता. अशी टेबलं मी पाहिलीत. एका शिबिरात तर ते टेबल भेटवस्तूंच्या शेजारीच मांडलं होतं. निम्म्या पोरांचा समज असा, की काडी फिरवून घेतल्याशिवाय डबा मिळत नाही. गालात काडी फिरवायला एक मिनिट पुरतं, त्या काडीचा अर्थ समजावायला अर्धा तास लागतो, आणि डॉल्बीच्या आवाजात तो अर्धा तास कुणी देत नाही. तेव्हा चूक एकट्या तुमच्या पदरात घालत नाही. सही मात्र तुमची आहे, म्हणून उत्तरही तुम्हीच द्यायचं.

हे उत्तर ‘नाही’ असलं तरी चालतं, हे आधी ऐकून ठेवा. नोंदणी केली म्हणून तुमच्यावर कुणी सक्ती करू शकत नाही. पण ‘नाही’ म्हणणं आणि फोन न उचलणं यांत फार अंतर आहे. पलीकडे बहुधा रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण असेल, नाहीतर थॅलेसेमियाचं पोर, नाहीतर ज्याच्या हाडांतल्या मगजानं, म्हणजे बोन मॅरोनं, रक्त बनवायचंच सोडलंय असा कुणी. रक्ताच्या कर्करोगात औषधांनी आजार दबला की काही काळ मिळतो, आणि बहुतेक वेळा त्याच काळात प्रत्यारोपण उरकायचं असतं. तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर डॉक्टर त्याच दिवशी दुसरा दाता शोधायला लागतील. कदाचित आई-वडिलांच्या किंवा मुलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींवर काम भागवायचं ठरवतील. तसंही हल्ली बरंच होतं. त्यामुळं ‘तुझ्यामुळं एक जीव गेला’ असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. पण फोन वाजतच राहिला तर ते नुसते थांबून राहतात. हा गेलेला महिना त्यांचाही गेलाय.

त्या फोनमध्ये तुमच्याकडं नेमकं काय मागितलं होतं, तेही तुम्ही पुरतं ऐकून घेतलेलं दिसत नाही. काडीवरून जुळणी कळली, ती कच्ची. आता नव्यानं रक्ताचा नमुना घेऊन ती पक्की करायची. एका रुग्णासाठी अशा दोन-चार जणांना बोलावतात, त्यातला सगळ्यात जुळणारा आणि धडधाकट निवडतात. म्हणजे आत्ता मागणी आहे ती नमुन्याच्या एक-दोन छोट्या कुप्यांची. तुम्ही आजवर दिलंत त्यापुढं ती किस झाड की पत्ती! जुळणी पक्की झाली तर तुमची स्वतःची तपासणी होते: हृदय, रक्त, कावीळ, एचआयव्ही, सगळं. त्यात तुम्ही अपात्रही ठरू शकता. या टप्प्यापर्यंत कधीही मागं फिरा, फार बिघडत नाही.

बिघडतं ते त्याच्यानंतर, आणि ही एक गोष्ट मी तुम्हाला ठासून सांगणार आहे. तारीख ठरली की प्रत्यारोपणाच्या साधारण आठवडाभर आधी रुग्णाला जबर केमोथेरपी, कधी किरणोपचारही देतात. त्यानं त्याचा स्वतःचा मगज संपवून टाकतात, म्हणजे नव्या पेशींना जागा होते. तिथून त्याला परतीची वाट नसते. त्या आठवड्यात दाता फिरला तर रुग्ण जगणं कठीण. म्हणून नाही म्हणायचं तर आत्ता म्हणा. तपासणीला जाऊन, होकार देऊन, मग आईच्या रडण्यानं तारखेच्या चार दिवस आधी ढिले पडणार असाल तर या भानगडीत पडूच नका. हे मी रागानं म्हणत नाही.

आता आईंची सुई. भावकीतल्या त्या माणसाला काय झालं होतं ते मी सांगू शकत नाही, पण पाठीत सुई घालून पाणी काढतात ती तपासणी वेगळी. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी असतं ते, मेंदूज्वर वगैरेचा संशय आला की काढतात. मूळपेशी त्या पाण्यात नसतातच. त्या हाडांच्या पोकळीतल्या लाल मगजात असतात आणि थोड्या रक्तात फिरतात. मराठीत आपण ‘मज्जारज्जू’ आणि ‘अस्थिमज्जा’ हे दोन्ही शब्द ‘मज्जे’वरून बनवून ठेवलेत, त्यानं किती आयांची झोप उडवलीय याचा हिशेब नाही. आईंना ‘मगज’ म्हणा. नळीच्या हाडातला मगज त्यांनी रश्श्यात पाहिलेला असेल. शाकाहारी असाल तर माझी उपमा माफ करा.

मूळपेशी मिळवायच्या रीती दोन. जगभरात दहातल्या जवळपास नऊ वेळा वापरतात ती हातातून घ्यायची. सलग चार-पाच दिवस कातडीखाली एक इंजेक्शन देतात. त्यातलं द्रव्य आपलं शरीर एरवीही थोड्या प्रमाणात बनवत असतं. त्यानं मूळपेशी वाढतात आणि हाडांतून रक्तात उतरतात. पाचव्या दिवशी यंत्राशेजारी निजायचं. एका हातातून रक्त निघतं, यंत्र हव्या त्या पेशी बाजूला काढतं, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. चार ते सहा तास लागतात. कधी पेशी कमी भरल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. डेंग्यूच्या साथीत कुणासाठी नुसत्या प्लेटलेट दिल्या असतील तर तुम्ही त्याच जातीच्या यंत्राला एकदा जोडले गेला आहात. भूल नाही, टाका नाही, मणक्याचा तर संबंधच नाही.

दुसरी रीत कमी वेळा लागते, जास्त करून रुग्ण लहान मूल असेल तेव्हा. तिच्यात पूर्ण भूल देऊन कमरेच्या मागच्या रुंद हाडातून मगज सुईनं ओढून घेतात. बसतो ना आपण टेकून, त्याच्या जरा वरचं हाड. तिथंही मणका बाजूला राहतो. काही दिवस कंबर ठणकते, मगज चार-सहा आठवड्यांत भरून येतो. कोणती रीत हवी ते रुग्णाचे डॉक्टर सुचवतात, पण ‘भुलीची नको’ असं तुम्ही पहिल्याच फोनवर सांगू शकता.

काहीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. इंजेक्शनच्या दिवसांत हाडं दुखतात, विशेषतः कंबर आणि मांड्या. डोकं जड होतं, कणकण वाटते. तापाची साथ अंगावर काढतो तसं. साधी वेदनाशामक गोळी पुरते, आणि पेशी काढून झाल्या की एक-दोन दिवसांत उतरतं. यंत्रावर असताना ओठांना, बोटांना मुंग्या येतात. रक्त गोठू नये म्हणून घालतात ते द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळं. नर्सला सांगितलं की ती कॅल्शियम देते. प्लीहा थोडी सुजते, म्हणून काही दिवस जड उचलायचं नाही, पोटावर मार बसेल असं काही करायचं नाही. पाठीवरचा फवारणीचा पंप गड्याकडं द्या, आणि तालमीत जात असाल तर तीही बंद. फार क्वचित, शंभरात एकापेक्षा कमी वेळा, गंभीर त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच आधी एवढी तपासणी करतात. अशा दात्यांवर पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलंय, त्यांच्यात कर्करोग वाढल्याचं दिसलेलं नाही. ‘पुढे मूल होत नाही’ हीही एक आवई, तिला आधार नाही.

तुमची शक्ती जाईल अशीही भीती आईंना असेल, तर त्यांना बागेतच घेऊन जा. खरडछाटणी झाली की ओलांडा, वेलीची ती आडवी फांदी, कसा भुंडा दिसतो! नवख्या माणसाला वाटेल बाग मेली. महिन्या-दीड महिन्यात त्याच वेलीवर हिरवा मांडव उभा राहतो, हे त्या तुमच्याहून जास्त वर्षं बघतायत. मगजाचं तसंच.

आणि कलमाचंही सांगा. डॉगरिजच्या खुंटावर तुम्ही कलम बांधता, मुळं खुंटाची राहतात आणि घड कलमाचे लागतात. रुग्णाचं तेच होतं. अंग त्याचं, रक्त मात्र दात्याचं बनायला लागतं. इथं रक्तगट जुळायची अट नसते. त्याचा गट ए किंवा बी असेल, तर काही महिन्यांनी तो तुमच्यासारखा ओ निगेटिव्ह होतो. मला या विद्येत सगळ्यात अचंब्याची वाटते ती हीच गोष्ट. आपल्याकडं मुंबईच्या टाटा रुग्णालयात पहिलं असं प्रत्यारोपण १९८३ साली झालं. म्हणजे तुमच्या जन्माआधीपासून हे काम चालू आहे, कालपरवाचा प्रयोग नाही.

‘गावातला असता तर पळत गेलो असतो’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. गट जुळायची अट नाही, मग जुळायचं काय असतं? पेशींवरच्या ओळखखुणा, डॉक्टर त्यांना एचएलए म्हणतात. निम्म्या आईकडून येतात, निम्म्या बापाकडून. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. घरात कुणीच जुळत नाही असे रुग्ण दहातले सात. मग परका शोधायचा. पण ‘परका’ म्हणजे तरी कोण? या खुणा रक्तातून येतात आणि आपल्या सोयरिकी पिढ्यानपिढ्या ठरलेल्या वर्तुळात फिरत आल्यात. त्यामुळं मराठी मुलखातल्या रुग्णाला दाता मिळायचा तर तो याच मुलखातल्या माणसांत मिळण्याची शक्यता जास्त. जगभरच्या नोंदींत आज चार कोटींहून जास्त दाते आहेत. जर्मनीसारख्या देशात जवळपास एक कोटी. आपण एकशे चाळीस कोटी असून आपले दाते काही लाख. तेव्हा तुमच्याशी जुळणारा माणूस जतचा असेल, माणचा असेल, किंवा चार पिढ्यांपूर्वी तुमच्याच भागातून उठून मुंबईच्या गिरणीत गेलेल्याचा पणतू असेल. तुम्ही ज्याला गावातला म्हणता, त्याच्याहून तो रक्तानं जवळचा निघायचा. नाव मात्र तुम्हाला सांगणार नाहीत, त्यालाही तुमचं कळणार नाही. फार तर वय, बाई की पुरुष, आजार कोणता, एवढं. सगळं नीट पार पडलं आणि दोघांचीही इच्छा असली, तर साधारण वर्ष-दोन वर्षांनी भेट घडवतात. ३१ पिशव्यांतल्या किती कुणाला चढल्या, हे तरी तुम्हाला कुठं माहीत आहे?

बायकोबद्दल. तुम्ही तिच्या नकळत पत्र लिहिलंत, नंबर ब्लॉक केलात तोही तिला न सांगता, असं दिसतं. ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणणाऱ्या बाईला कुणी काही विचारलेलंच नसतं, हा माझा आजवरचा अनुभव. तिला बहुतेक राग आहे तो तीन वर्षांपूर्वीचा फॉर्म आत्ता कळल्याचा. तिच्या भीतीआड स्वतःची भीती लपवू नका. दोघं मिळून फोन लावा, स्पीकरवर ठेवा, तिला विचारू द्या. बायका मुद्द्याचं विचारतात: पाच दिवस इंजेक्शन कोण देणार, तुम्ही झोपून राहिलात तर गाडीतून आणणार कोण, काही झालं तर खर्च कुणाचा. खर्चाचं आत्ताच सांगते, तपासणी, प्रवास, राहणं, दवाखाना यांतला एक रुपयाही दात्याकडून घेत नाहीत, आणि दात्याला मोबदलाही देत नाहीत. तुमचे बुडालेले दिवस तुमच्याच खात्यात. आजारी पडलो तर विमा आहे का, किती काळाचा, हे मात्र आवर्जून विचारा आणि लेखी मागा.

छाटणीचं कारण मला पटत नाही, रागावू नका. तारीख रुग्णाच्या तब्येतीवर ठरते हे खरं, पण आधी विचारून ठरवतात. फळछाटणीचा आठवडा, पेस्ट लावायचे दिवस, मजुरांच्या टोळीची तारीख, सगळं त्यांना सांगून ठेवा. जमलं तर मागं-पुढं करतील, नाही जमलं तर तसं सांगतील. दोन-चार दिवस भावाला बाग बघायला सांगणं तुम्हाला अशक्य आहे असं मला वाटत नाही. रात्री दोनला मिरजेला जाताना तुम्ही कधी टोळीची तारीख बघितली होती?

मी स्वतः या यादीत नाही, हेही सांगायला हवं. आमच्या भागात या नोंदणीची माहिती पोचली तेव्हा माझं वय उलटून गेलं होतं. नोंदणी अठरापासून साधारण पन्नास-पंचावन्नपर्यंत करतात, आणि डॉक्टर शक्यतो तरुणच दाता निवडतात. थॅलेसेमियाचं एक पोरगं दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला आमच्याकडं यायचं, खिशात गोट्या घेऊन. त्याच्या बहिणीच्या खुणा जुळल्या नव्हत्या. मी त्याला रक्ताची पिशवी देत राहिले. तेवढंच माझ्या हातात होतं. तेव्हा मी तुम्हाला धीर देतेय तो स्वतः न केलेल्या गोष्टीबद्दल देतेय, याची मला जाणीव आहे. हवं तर त्या संस्थेलाच म्हणा, ‘आधी दिलेल्या एखाद्या दात्याशी बोलायचंय.’ अशी गाठ घालून देतात. माझ्या चार पानांपेक्षा त्याची पाच मिनिटं तुम्हाला जास्त उपयोगी पडतील.

बोलणं झाल्यावरही मन ‘नको’च म्हणत असेल, तर एका वाक्यात सांगून मोकळे व्हा आणि नोंदणीतून नाव काढायला लावा, म्हणजे पुन्हा कुणाची जुळणी तुमच्यापाशी येऊन अडकणार नाही. मग आजवर जसं रक्त देत आलात तसं देत राहा. ओ निगेटिव्हची गरज तशीही काही संपत नाही.

आणि एक काम मंडळाचं. यंदाही गणपतीत शिबिर असेलच. ती पोरं पुन्हा आली तर टेबल भेटवस्तूंपासून लांब लावा, आणि त्या दिवशी काडी फिरवूच देऊ नका. नुसती माहिती सांगा, फॉर्म घरी न्यायला लावा, आईला-बायकोला दाखवून विसर्जनानंतर आणून द्यायला सांगा. दीडशे पोरांतले वीसच परत आले तर मंडळाची पोरं खट्टू होतील. होऊ देत. त्या विसांचा फोन लागेल.